चुन्याच्या रेघा

२ डिसेंबर

खालच्या जुन्या काँक्रीटची फट वरच्या नव्या डांबरातून वर येतेच कशी? आज भैरूने विचारलं. भैरू म्हणजे आमचा कटरवाला, रस्ता कापायचं यंत्र चालवणारा, बेळगावकडचा. घरातली पहिली पदवी माझी, आई आमच्या साखळी गावभर सांगत फिरते, "आमचें चेडूं रस्ते करता!" — चेडूं म्हणजे पोर, म्हणजे मी. उत्तर द्यायलाच हवं.

चाचरतच म्हटलं, काँक्रीट उन्हात फुगतं, गारठ्यात आखडतं, सांध्यावरचं डांबर ताणून फाटतं. म्हणून सांध्याच्या बरोबर वर आपणच कापायचं आणि काप रबरी डांबराने भरायचा.

"म्हंजे फाटायच्या आधी आपणच उसवायचं म्हना की मॅडम!"

माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

४ डिसेंबर

धारगळला देवळाकडचा रस्ता. जुन्या काँक्रीटवर डांबर पडण्याआधी प्रत्येक सांध्यासमोर, कडेच्या बसक्या भिंतीवर, चुन्याची रेघ मारली. छत्तीस सांधे, छत्तीस रेघा, नंतर कुठे कापायचं ते कळावं म्हणून. संध्याकाळी सगळं काळंभोर!

६ डिसेंबर

भिंत पांढरीशुभ्र! रेघा गायब!

जत्रा जवळ आली म्हणून वाडीवरच्या बायकांनी काल भिंतीला चुना फासला. त्यांच्यातल्या देवकीकाकी काय खूश! "तुझे रेघो बघून आमका वाटला, सरकारान चुनो अर्ध्यारच सोडल्यान. आमी पुरो केलो गो!" वर चहा पाजला. मी हसत सुटले. पण जत्रेच्या तोंडावर चुन्याने खुणा करणारी शहाणी मीच ना!

कामावरचे आमचे साहेब, गुरुदास सर: "फीत लाव. साडेचार-साडेचार मीटरवर काप आणि मोकळी हो."

७ डिसेंबर

भैरूने आणि मी रस्त्याच्या कडेची माती उकरली. काँक्रीटची बाजू दिसली, सांधाही दिसला! फितीच्या खुणेपासून दोन वीत लांब. फितीने कापलं तर काप एकीकडे, तडा भलतीकडे. पुढच्या वर्षी काकी मलाच बोलावून दाखवणार.

तीन दिवस द्या, सगळे सांधे उकरून काढते म्हटलं. सर म्हणाले, "कोण बघतंय गं डांबराखाली? तू उद्या उशिरा आलीस तरी चालेल. सातला मी कापून घेतो."

८ डिसेंबर, सकाळी सहा

कटरचं पातं काल निघतानाच काढून घरी आणलं. सरांना आत्ताच फोन करून सांगितलं — छत्तीसही सांधे उघडे झाले, की मीच बसवते.