डायवरले कावून गाडी लागत नाही

माय,

तू एकदा विचारलं होतंस, "काहो, डायवरले कावून गाडी लागत नाही?" पंगत बसली होती. अकोल्याची आत्या, तिचा नवरा, बाबा, सगळे जेवत होते आणि तू चुलीपाशी भाकर थापता थापता हे विचारलंस. काय हसू फुटलं! आत्याच्या नवऱ्याला ठसका लागला. बाबा म्हणाले, "डायवरलेच लागली त मंग झालं, सगळेच दरीत." तूही हसलीस. पण मी तुझ्या समोरच बसले होते, मला दिसलं, तू गमतीनं विचारलं नव्हतंस. ड्रायव्हरला का गाडी लागत नाही, याचं तुला खरंच उत्तर पाहिजे होतं, आणि ते कोणी दिलं नाही. आता मला ते सापडलं आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेच केस तुझ्या तेव्हाच्या केसांपेक्षा पांढरे आहेत. पण ज्यानं प्रश्न विचारला त्यालाच उत्तर द्यायचं असतं, असं मी वर्गात पोरांना सांगते, म्हणून लिहायला बसले.

परतवाड्याचं आपलं घर म्हणजे घाटाच्या पायथ्याशी. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेलं की समोर मेळघाटचे डोंगर. त्यामुळे चिखलदऱ्याला जायचं म्हटलं की साऱ्या गोतावळ्याचा मुक्काम आपल्याकडे. सकाळी जीप यायची. तू पहाटे उठून पुऱ्या, आलूची सुकी भाजी, ठेचा बांधून द्यायचीस आणि संध्याकाळी ती मंडळी थकून आली की गरम पिठलं-भाकर. मधला सगळा दिवस तू घरी. "तिले गाडी लागते," एवढ्यावर विषय संपायचा. बाबा वाईट नव्हते, तू आजारी पडू नये असंच त्यांना वाटायचं. पण रोज डोंगर पाहणारी बाई कधी डोंगरावर गेली नाही, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. गाडी मलाही लागायची, म्हणून पुष्कळदा मीही तुझ्याबरोबर घरीच. भाऊ मात्र बाबांच्या मांडीवर बसून जीपमध्ये पुढं.

एकदाच तू गेलीस. मी तिसरी-चौथीत असेन. आदल्या दिवशी तूच म्हणालीस, "यंदा मी बी येतो." तू ठेवणीतली जांभळी साडी नेसलीस, पदराच्या टोकाला लिंबू बांधलंस. आपण दोघी मागं, सामानाच्या बाजूला. घाट लागला, जीप वळायला लागली, आणि चार-सहा वळणं झाली नसतील की तुझा चेहरा पांढराफटक. तू खिडकीकडं सरकायला गेलीस, पण मध्ये आत्याचे गुडघे. तिच्या साडीवर थोडं उडलं. "अगं मायबाई, आजच नेसली होती न मी!" आत्या ओरडली. जीप थांबली. वळणावर एका कोरकू म्हातारीची चहाची टपरी होती. बाबा म्हणाले, "वर पुरे हाल होतील तुयावाले. इथंच बस, पोरीले ठेव जवळ. येतांना घेऊन जातो." जीप गेली. तिचा आवाज वरच्या वळणांवरून येत राहिला, मग तोही थांबला.

तू रडशील असं मला वाटलं होतं. तू चूळ भरलीस, म्हातारीचा बिनदुधाचा चहा प्यालीस आणि उठलीस. "चाल, पायी जाऊन पाहू." आणि आपण निघालो की गं! तू जांभळी साडी वर खोचून पुढं, मी मागं. एक वळण, दुसरं वळण, तिसरं. खाली दरी, सागाची झाडं, लांब कुठंतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा. तू कठड्याला हात टेकून उभी राहिलीस आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणालीस, "पाह्य. काहीच होऊन नाही राहिलं. पोट गपगार हाय. डोंगराचा काही दोष नाही वो." तुझा तो चेहरा मी अजून विसरले नाही. नवीन बातमी पहिल्यांदा आपल्यालाच कळल्यावर माणूस जसा दिसतो, तशी तू दिसत होतीस.

संध्याकाळी घरी आल्यावर आत्या स्वयंपाकघरात थट्टा करत होती, वहिनीनं टपरीवर बसून चिखलदरा पाहिला म्हणे. तू भाकर तव्यावर टाकलीस, मागं न पाहता म्हणालीस, "मी उलटी केली. चोरी नाही केली." आणि त्याच रात्रीच्या पंगतीत तू तो डायवरचा प्रश्न विचारलास. तू दिवसभर त्याचाच विचार करत होतीस, हे मला फार उशिरा उमगलं. त्यानंतर तू कधी गेली नाहीस. "तुमी जा," म्हणायचीस, आणि पुऱ्या लाटायला बसायचीस.

आता माझं ऐक. अमरावतीला सासर, नोकरी नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत. रोजची एसटी, रोजचं लिंबू, रोज उतरल्यावर शाळेच्या नळाशी तोंड धुणं. पोरं म्हणायची, "मॅडम आल्या वाटते, नळ चालू हाय." चाळिशी उलटल्यावर एक दिवस डोकं फिरलं आणि ड्रायव्हिंग क्लास लावला. शिकवणारा पोरगा माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, मला म्हणतो, "काकू, क्लच सोडा, जीव नका सोडू." शिकले. जुनी गाडी घेतली. आणि पहिल्याच आठवड्यात शाळेच्या फाटकाशी उतरले तेव्हा लक्षात आलं, अरे, आज लिंबू पिशवीतच राहिलं! मळमळ नाही, डोकं धरलं नाही, काही नाही. मी गाडीपाशी उभी राहून एकटीच हसत होते. उत्तर असं आहे माय, गाडी चालवणाऱ्याला वळण आधीच कळतं. हात वळायच्या आधी त्याचं अंग वळून तयार असतं. मागं बसलेल्याला वळण येऊन आदळल्यावर कळतं. बस, एवढंच. तुझ्या पोटात काही खोट नव्हती. तुला फक्त चुकीच्या जागी बसवलं होतं.

हे मी अकोल्याच्या माझ्या मैत्रिणीला सांगितलं. ती उर्दू शाळेत शिकवते, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणते, मोठी गाडी हाकते आणि बोलायला फटकळ. ती म्हणाली, "तो फिर घाट चलते ना बाजी! और सुनो, जिसको गाडी लगती, उसीच के हात में गाडी." तिथून हे सुरू झालं. तीन गाड्या, आठ-नऊ बायका. बेत असा, की अमरावतीवाल्या आणि अकोल्यावाल्या परतवाड्याला जमणार, घाट चढून चिखलदऱ्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी घटांगवरून सेमाडोह, हरिसाल, जंगलातला सगळा नागमोडी रस्ता फिरून परत. माझ्या घरी बैठका झाल्या, काय सांगू तुला! एकीला वाघ दिसलाच पाहिजे, दुसरीला दिसलाच नाही पाहिजे. दशम्या कोण आणणार यावर तास गेला. माझी शेजारीण म्हणाली, "मायबाई, मी त दोन वळणांत आडवी होतो," तर सगळ्या एका सुरात, "मंग तूच चालव!" ज्यांना लायसन नाही त्यांनी पाळीपाळीनं पुढच्या सीटवर, काचेतून समोर पाहत बसायचं, असा नियम ठरला. कितीतरी घरांतून मागं राहिलेल्या बायका आहेत गं या. एकीच्या नवऱ्यानं तिच्याशिवाय सगळा हिमाचल पाहिला आहे.

तिसरी गाडी भावाची, आणि ती चालवणार वहिनी. तुझी सून. आधी तुझ्यासोबत, मग तुझ्यानंतर त्या घरात पुऱ्या लाटायला तीच बसली, पाहुणे वर गेले की तीच मागं राहिली, कारण गाडी तिलाही लागते. पावसाळा संपला तेव्हापासून मी सुटी मिळाली की परतवाड्याला जाऊन तिला शिकवलं. आधी मोकळ्या मैदानात, मग अचलपूर, मग अंजनगाव रस्ता. लायसन आलं. भाऊ म्हणायचा, "शिकू दे, भाजी आणायले कामी येईल." पण घाटाचं नाव काढलं तसा बिथरला. "घाट म्हणजे का बडनेरा रोड हाय का? मी टेम्पो ट्रॅव्हलर सांगून देतो, डायवर ओळखीचा हाय, तुमी मस्त मागं गाणे म्हणत बसा." मी म्हटलं, "मागं बसूनच त जिंदगी गेली बाप्पा!" वहिनीनं ताटातली भाजी नुसती इकडून तिकडे केली. शेवटी त्यानं अट घातली. आधी एकदा त्याला बसवून घाट चढायचा. तो मागं बसून पाहणार. त्याला पटलं तरच गाडीची चावी वहिनीला, नाहीतर तिनं घरी राहायचं.

तर गेल्या रविवारी निघालो. वहिनीनं पाठीशी उशी घेतली, पदर खोचला, देव्हाऱ्याकडे एकदा पाहिलं. मी तिच्या बाजूला, भाऊ मागं, ऐटीत. "हॉर्न दे. सेकंड टाक. अवं, डावीकडून घे न!" घाट सुरू झाल्यावर तर त्याचं तोंड थांबेना. वहिनी मात्र काय चालवत होती! सावकाश, हात स्थिर. समोरून बस आली तर आधीच कडेला होऊन थांबली, बसच्या डायवरनं हात केला तिला. मला इतका अभिमान वाटला की मी टाळीच वाजवणार होते. आणि मग लक्षात आलं, मागून आवाज बंद झाला आहे. वहिनीनं आरशात पाहिलं. "अहो, बोलत नाही तुमी?" मागून बारीक आवाज आला, "थांबव."

गाडी थांबवली. तुझा लेक माय, बाबांच्या मांडीवर बसून घाट चढलेला, मग जन्मभर स्वतः गाडी चालवत गेलेला, आयुष्यात पहिल्यांदा मागं बसला होता. कठड्यापाशी वाकून त्यानं सकाळचे पोहे दरीला दिले. तेच वळण होतं असं मी म्हणणार नाही, ती टपरी आता नाही, रस्ताही रुंद झाला आहे. पण फार तर दोन-चार वळणं इकडे-तिकडे. वहिनीनं पाणी दिलं. तो दगडावर बसला, तोंड पुसलं आणि आमच्याकडे न पाहता म्हणाला, "तुमी जा वर. मी बसतो इथं. येतांना घ्या मले." बाबा तुला म्हणाले होते, अगदी तसंच. त्याला ते आठवत होतं का, मी विचारलं नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "इथं कोणी बसत नाही. उठा. पुढं बसा तुमी, ताई मागं बसतील." तो उठला, पण गाडीत बसायच्या आधी हळूच म्हणतो, "कोणाले सांगू नका." वहिनीनं आरसा नीट केला. "उलटी केली तुमी. चोरी नाही केली. आईच म्हणत होत्या न."

तू तिला सांगितलं होतंस! मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, तो दिवस आपल्या दोघींचाच आहे. पण सगळे वर गेल्यावर त्या रिकाम्या घरात तुम्ही दोघी सासू-सुना बसून हेच बोलत असाल, हे मला सुचायला पाहिजे होतं. मग तुझ्या सुनेनं उरलेला सगळा घाट चढवला, थेट वरपर्यंत. वर गेल्यावर गाडी बंद करून ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टेअरिंगवर. भाऊ तिच्याकडे पाहत होता. म्हणाला, "उतरतांना बी तूच चालव. मी पुढंच बसतो." आणि चावी तिच्याच पर्समध्ये टाकली. आता गल्लीभर सांगत सुटला आहे, "आमच्या घरच्यायनं घाट चढवला!" पोह्यांचं तेवढं गाळतो.

उद्या सकाळी निघायचं. दशम्या झाल्या, गाड्यांत हवा भरली, ग्रुपवर सकाळपासून सगळ्या किलबिल करताहेत. हे पत्र गाडीच्या पुढच्या खणात ठेवते, लिंबांच्या पिशवीखाली. तिथं कोणी पाहत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या रविवारी भाऊ पुढं गेल्यावर मागची सीट मला मिळाली, ती जागा कशी असते ते तुला सांगायला नको. या सगळ्या बेताची म्होरकी मी, बायकांना धीर देणारी मी, आणि वरची वळणं मी ओठ घट्ट मिटून, खिडकीला डोकं लावून काढली. गाडी थांबवायला सांगितलं असतं तर वहिनीचा घाट मोडला असता. वर पोचल्यावर ते दोघं रबडी घ्यायला गेले. मी म्हटलं, माझा पाय अवघडला, तुम्ही व्हा पुढं. आणि गाडीच्या मागं जाऊन जी भडभडून उलटी केली माय, तुझ्यासारखीच. अजून कोणाला बोलले नाही. पण इतक्या आनंदानं कोणी उलटी केली नसेल.