मधला ॲम्प्लिफायर

रोझलीन बाय,

आईला दवाखान्यात नेतोय. तुझ्या लग्नासाठी तिची गाणी टेपवर घेत होतो. आवाज अगदी बारीक येई. मला वाटलं, आजारपणानं तिचा गळा बसलाय. "मोठ्यानं गा ना, लुईझा!" असं तीनदा ओरडलो. तिसऱ्यांदा खोकल्यातून रक्त आलं. आता तिला बोलवतही नाही.

टेप मशीनवाला ऑगस्टीन म्हणाला, फादरांकडून आणलेल्या देवळातल्या माइकला मशीनच्या मधे आवाज वाढवणारा छोटा ॲम्प्लिफायर लागतो. मी माइक सरळ मशीनला जोडला होता.

संध्याकाळी मुलं माझ्याकडे शिकायला येतील. त्यांना केळी देऊन घरी पाठव. हळू बोलणाऱ्या पोरावर मी कधी ओरडलो नाही, जवळ जाऊन बसायचो.

टेप पुसू नकोस. मशीनला कान लावलास, तर आई ऐकू येते.

बाबा