मोंबासाच्या सायकडची मादी

लिहून ठेवणार : काशीराम धोंडिराम चिंदरकर, वय वर्षे ६८, पूर्वीचा धंदा दाताच्या कवळ्या बनविणे, राहणार तळमजला, खोली नंबर २, नवजीवन सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड पूर्व, मुंबई.

माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर काही लोकांना नको वाटावी इतकी चांगली आहे. हा कागद मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा आग्रहाने करीत नाही. माझे हात आता कापतात, म्हणून मजकूर मी सांगितला आणि आमचे वकील मार्तंड नाबर यांनी तो लिहिला. वकीलसाहेबांनी मला दोनदा बजावले की मृत्युपत्रात हकिगत घालायची नसते. मी म्हटले, "साहेब, हकिगत काढलीत तर मिळकत म्हणून एक काटेरी झाड उरतं." त्यावर ते हसले आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१) राहती खोली, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि खोलीतील सर्व चीजवस्तू माझी पत्नी सौ. सुलक्षणा हिला द्यावी. तिच्या पश्चात हे सर्व आमची एकुलती मुलगी शकु हिला मिळावे. शकु घाटकोपरला तिच्या घरी सुखात आहे. आईला तिकडे राहायला नेण्याची घाई तिने करू नये. आई येणार नाही.

२) बँकेत आणि पोस्टात जे काही असेल ते सुलक्षणाचे.

३) माझी हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, पितळी साचे, पॉलिशची मोटर आणि लाकडी बाक, बळवंत आचरेकर यास द्यावी. अठ्ठावीस वर्षे आम्ही एकाच बाकावर समोरासमोर बसून दात घासले, म्हणजे लोकांचे. बळवंतने माझी मोठी सुरी १९७४ साली नेली, ती त्याच्याकडेच आहे, तीही आता त्याची झाली. मात्र हवा मारायचा रबरी फुगा त्याला देऊ नये. दंतवैद्य दातातला भुसा उडवायला वापरतात तसला हा फुगा आहे, पुढे बारीक नळी असलेला. तो कोणाचा, ते सातव्या कलमात येईल.

४) आता झाड. आमच्या खोलीच्या मागे सोसायटीच्या भिंतीपर्यंत साडेनऊ फुटांची पट्टी आहे. तिथे सायकडचे एक मोठे झाड आहे. येणारेजाणारे त्याला खजूर समजतात. सायकड म्हणजे खजूर नव्हे, पामही नव्हे. फार जुन्या काळची ही जात आहे. तिच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. दोघांनाही फूल येत नाही, कणीस येते. कणीस यायला वीस-वीस वर्षे लागतात आणि ते येईपर्यंत नर कोण, मादी कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एकच सोय आहे. झाडाच्या बुंध्याला कधी कधी पिलू फुटते. मादीचे पिलू मादीच होते, नराचे नरच.

अंधेरीचे श्री. मधुकर धारणकर यांच्या वडिलांनी मोंबासाहून या जातीचा एक नर आणि एक मादी बोटीने आणली होती. सगळ्या मुंबईत आमच्या माहितीत तेवढी एकच मादी. धारणकरांच्या बंगल्यावर दर रविवारी सायकड पाळणाऱ्यांची बैठक भरत असे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची वीस-पंचवीस माणसे रोपे घेऊन येत, बदलत, विकत. धारणकरांची कवळी मी केली होती, म्हणून मला तिथे व्हरांड्याच्या पायरीपर्यंत यायची मुभा होती.

१९६२ साली मी त्यांच्याकडून मादीचे पिलू एकशे साठ रुपयांना विकत घेतले. नराचे पिलू तेव्हा पंधरा रुपयांना मिळे. ते एकशे साठ रुपये सुलक्षणाच्या शिलाईच्या मशीनसाठी साठवलेले होते. मी तिला विचारले नाही. ती पुढे सहा वर्षे शेजाऱ्यांचे झंपर हाताने शिवत राहिली. त्यावरून ती भांडली नाही. पण कोणी झाडाबद्दल विचारले की म्हणायची, "ती माझी सवत. मागच्या दारी ऱ्हवता."

दोन वर्षांनी बैठकीत चहा चालू असताना मी पायरीवर चपला काढत होतो. आतून धारणकरांचा आवाज आला, "अरे, त्या कवळीवाल्याला मी नराचं पिलू दिलं, मादीच्या भावात! वीस वर्षं पाणी घालेल बिचारा." सगळे हसले. मी थांबलो नाही. चपला पुन्हा पायात घातल्या आणि मुलुंडला आलो.

घरी येऊन मी ते रोप उपटायला हात घातला होता. सुलक्षणा दारात आली. म्हणाली, "झाडान तुमचा काय वाईट केल्यान? नर तर नर. आसूंदे." म्हणून ते राहिले.

त्यानंतर एकोणीस वर्षे बैठकीत मला "नरवाले चिंदरकर" म्हणत. मी जात राहिलो. मला दुसरीकडे सायकडबद्दल बोलायला माणसे नव्हती. मधल्या काळात, एका पावसाळ्यात, धारणकरांची मादी बुंध्याशी कुजून मेली. ते निर्धास्त होते, कारण तिचे खरे पिलू त्यांनी स्वतःकडे राखले होते. १९७९ साली त्या पिलाला कणीस आले. लांब, निमुळते. नर. धारणकर दोन महिने त्या कुंडीवर कापड टाकून होते.

आणि १९८३ च्या जानेवारीत माझ्या झाडाच्या शेंड्यातून कणीस वर आले. आठवड्याभरात ते पिंपासारखे फुगले, पिवळेधमक, दोन्ही हातांत न मावणारे. मादी.

झाले होते असे. १९६२ साली त्यांच्या माळ्याने दोन्ही झाडांची पिले एकाच सकाळी काढून एकाच घमेल्यात ठेवली होती. धारणकरांनी मला फसवायला म्हणून हात घातला आणि घमेल्यातून नेमके खरे पिलू उचलून मला दिले. माझ्याइतका प्रामाणिक माल त्यांनी जन्मात कोणाला विकला नसेल.

५) कणसाचे पापुद्रे सुटून फटी पडतात त्या तीन-चार दिवसांतच नराचा पराग आत जावा लागतो. आफ्रिकेत ते काम किडे करतात. मुलुंडला ते किडे नाहीत. मी धारणकरांकडे पराग मागायला गेलो. ते म्हणाले, "पिलू माझ्या घरचं आहे. निम्म्या बिया माझ्या, आणि झाड माझं आहे असं लिहून दे." मी नाही म्हटले. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केले, "याला जो पराग देईल त्याचं नाव मी बैठकीतून काढीन."

बोरिवलीच्या शाळेत शिकवणाऱ्या श्रीमती अनुपमा वर्तक तिथेच होत्या. त्यांनी धारणकरांकडून पंधरा रुपयांचा नर नर म्हणूनच घेतला होता आणि त्याला त्या वर्षी कणीस होते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "काढा नाव. मला रविवारी तशाही वह्या तपासायच्या असतात." चौथ्या दिवशी त्या होमिओपॅथीच्या दोन बाटल्यांत पराग भरून आमच्या दारात उभ्या राहिल्या. पैसे विचारले तर रागावल्या.

माझ्याकडे आज एकवीस रोपे शिल्लक आहेत. त्यांतली मधल्या फळीवरची सर्वांत जोमदार दहा अनुपमाताईंना द्यावी. निवड त्यांनी स्वतः करावी आणि त्यांना घाई करू नये. उरलेली अकरा शकुची. विकायची असतील तर फक्त पाळणाऱ्यांना विकावी, हॉटेलवाल्यांना नाही.

६) त्याच वर्षी २० नोव्हेंबरला, रविवारी, कणीस सुटले. एकशे त्रेचाळीस बिया निघाल्या. बी भरलेली असेल तर पाण्यात बुडते, पोकळ असेल तर तरंगते, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असते. मी सगळ्या बैठकीला बोलावणे धाडले. साडेनऊ फुटांच्या पट्टीत बावीस माणसे उभी राहिली. धारणकरही आले. बियांवरचा लाल गर काढून झाला होता. त्यांनी एक बी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "तरंगतील सगळ्या. पराग आत पोचवणं युनिव्हर्सिटीच्या लोकांना जमत नाही, तर हा कवळीवाला काय करणार?"

मी पहिली बी बादलीत टाकली. ती गेली खाली. तळाला लागल्याचा टक् असा आवाज झाला. दुसरी गेली. तिसरी गेली. दहाव्या बीला कोणीतरी मोजायला लागले, पन्नासाव्याला सगळे ओरडून मोजत होते. वरच्या मजल्यावरची माणसे गॅलरीत आली. एकशे अठरा बुडाल्या. अनुपमाताई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. मला तिघांनी उचलले. मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि तोपर्यंत मला कोणी उचललेले नव्हते. तेव्हापासून बैठक आमच्या मागल्या दारी भरते. सोसायटीने ठराव केला आहे की झाड जिवंत असेतो त्या पट्टीत स्कूटर लावू नये. ठरावाची नक्कल सोबत जोडली आहे.

श्री. धारणकर यांना या मृत्युपत्राने मी काही देत नाही, कारण त्यांचे मी हयातीतच दिले. १९८५ साली ते रोप मागायला आले. बाहेर उभे राहिले. मी म्हटले, "आत या." ते म्हणाले, "एक दे रे काशीराम. काय घेशील?" मी एकशे साठ रुपये सांगितले. त्यांनी मुकाट मोजून दिले आणि विचारले, "मादी आहे ना?" मी म्हटले, "बियांचं रोप आहे, धारणकर. तुम्हाला आणखी वीस वर्षांनी कळेल." आम्ही दोघेही इतके हसलो की त्यांची कवळी सुटली. मी तिथल्या तिथे ती घट्ट करून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. आमचे भांडण इथे मिटले असे धरावे.

७) हे कलम मी वकीलसाहेबांना सर्वांत शेवटी सांगितले, कारण सांगायला जड गेले.

त्या १९८३ सालच्या फेब्रुवारीत माझा हात आधीच कापू लागला होता. धंदा त्यामुळेच बंद केला होता. बाहेर मात्र वयाचे कारण सांगत होतो. पहिली बाटली फुग्यात भरून मी नळी कणसाच्या फटीवर धरली आणि हात असा हलला की सगळा पराग माझ्या गंजिफ्राकवर सांडला. निम्मा पराग गेला. मी तिथेच खाली बसलो.

सुलक्षणा तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती आली.

"हंय द्या तो फुगो."

"तुला जमायचं नाही. बारीक काम आहे."

"सुयेत दोरो ओवताना मी कधी तुमका हाक मारलंय?"

तिने तीन सकाळी ते काम केले. खालच्या फटीपासून वर, एकेक फट, एकेक चिमूट, काटे दंडात रुतत असताना. रक्त पदराला पुसले आणि पुढची फट धरली. मी फक्त बाटली धरून उभा होतो. बियांच्या दिवशी बावीस माणसे माझे नाव घेत होती तेव्हा ती आत सगळ्यांसाठी चहा करत होती. मी बोललो नाही. नंतरच्या चार वर्षांत अनेकांनी माझ्या हाताचे कौतुक केले आणि मी ते घेतले.

म्हणून लिहून ठेवतो की या झाडाच्या बिया माझी पत्नी सुलक्षणा हिच्या हातच्या आहेत. झाड आणि रबरी फुगा ही तिची स्वतंत्र मिळकत आहे. मी ती देत नाही, ती तिचीच आहे एवढे कबूल करतो. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी हे कलम बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावे.

८) वरील कलमातील शेवटचे वाक्य आता रद्द समजावे. कारण असे की वकीलसाहेब ते परत वाचून दाखवीत असता सुलक्षणा आतून बाहेर आली आणि म्हणाली, "मेल्यावर कित्याक? तेवा तुमका लाज कशी वाटतली?"

तेव्हा ४ ऑक्टोबरच्या रविवारी मी स्वतः उभा राहून सातवे कलम बैठकीत वाचले. तीस माणसे होती. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. मला वाटले, संपली आपली इज्जत. मग अनुपमाताई उठून आत गेल्या आणि सुलक्षणाला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या. ती ओले हात पदराला पुसत आली आणि सगळी बैठक उभी राहिली. माझ्या खुर्चीवर तिला बसवले. टाळ्या इतका वेळ चालल्या की ती शेवटी ओरडली, "पुरे झाला! शेजारी झोपलेत."

धारणकर काठी टेकत पुढे आले. त्यांच्याकडे डर्बनहून आणलेल्या दुसऱ्या जातीची एक मादी आहे. तिला चार वेळा कणीस आले आणि एकदाही बी धरली नाही. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, माझ्या मादीला या फेब्रुवारीत पुन्हा कणीस येईल. तुम्ही अंधेरीला याल का?"

सुलक्षणाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"येतंय. पण माझा काम चालू आसताना मधी बोलायचा नाय."

"नाही बोलणार," धारणकर म्हणाले.

त्याच दिवशी आणखी चौघांनी तिला बोलावणे केले. तिने फेब्रुवारीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून घेतल्या आहेत. माझे काही बरेवाईट झाले तर सुतकाच्या नावाखाली यातली एकही तारीख रद्द करू नये. कणीस थांबत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलगी शकु हिने करावी. वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि मी समाधानाने खाली सही करीत आहे.

सही : काशीराम धोंडिराम चिंदरकर

आमच्या दोघांच्या समक्ष श्री. चिंदरकर यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार :
१) डॉ. तुळशीदास प्रभू, मुलुंड पूर्व. श्री. चिंदरकर यांना मी आज तपासले. मन पूर्ण ठिकाणावर आहे.
२) मधुकर धारणकर, अंधेरी. मजकूर वाचला. माझ्याबद्दल लिहिलेले सर्व खरे आहे.

स्थळ : मुलुंड, मुंबई
दिनांक : ९ ऑक्टोबर १९८७