कापलेलं टेबल

४ नोव्हेंबर १९३४, रविवार

माझ्या नवऱ्याला, मॅग्नसला, आमच्या ख्रिस्ती मंडळीबाहेर काढलं. एकतीस वर्षं या बंदरात त्यानं उपदेश केला, आणि काढायला दहा मिनिटं! गुन्हा काय — आमची जेनेट गेल्या महिन्यात मरणाच्या दारातून परतली; तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यानं तिच्यासोबत प्रभूची भाकर मोडली. लेक लग्न करून खाडीपलीकडच्या मंडळीत गेलेली. त्यांच्याशी आमची सहभागिता नाही — ना प्रार्थनेत, ना जेवणात.

मंडळीचे प्रमुख कावी यांनी त्याला विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"कोणी नाही," मॅग्नस म्हणाला.

मी हातमोजे नीट करत बसले.

निघताना कावी मला म्हणाले, "इसोबेलबाई, त्यांचं रांधा, धुवा. पण एका टेबलावर जेवायचं नाही. नियम तुम्हाला नवा नाही."

नवा कुठला! मॅग्नसनंच शिकवलेला. जेनेटलासुद्धा लग्नानंतर आम्ही आमच्या टेबलावर कधी बसवलं नाही.

५ नोव्हेंबर

होड्या बांधणारा सुतार तो. सकाळी करवत आणली आणि स्वयंपाकघरातलं टेबल मधोमध कापलं. दोन्ही अर्ध्यांना नवे पाय ठोकले. मध्ये वीतभर फट.

"अरे, लग्नातलं टेबल ते!"

"लोकांच्या घरी हा नियम लावताना मीच करवत उसनी देत होतो," म्हणाला.

१९ नोव्हेंबर

हेरिंग मासे तळले. मीठ त्याच्या टेबलावर राहिलं. मागितलं नाही, अळणीच खाल्लं.

२ डिसेंबर

सभेत भाकर माझ्यापर्यंत आली. घेतली. कावींची बायको म्हणते, "नवरा बाहेर, तरी तू डगमगली नाहीस. श्रद्धा असावी तर अशी!" जळो ती श्रद्धा.

८ जानेवारी

अ‍ॅबरडीनहून आणलेल्या औषधानंही मॅग्नसचा खोकला हटेना. आज धीर करून माझी थाळी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. तो थरथरत उठला, भिंतीशी उभा राहून पेज प्यायला.

"तू तरी आत राहा, इसोबेल. म्हातारपणी एकटी कुठे जाशील?"

थाळी परत आणली. भित्री मेली मी!

२७ जानेवारी

गेला.

३० जानेवारी

आमच्या मंडळीतलं कोणी खांदा द्यायला आलं नाही. पेटी जेनेटच्या मंडळीतल्या माणसांनी उचलली — ज्यांच्या घरचा घोटभर चहाही तो कधी प्यायला नव्हता.

१ फेब्रुवारी

या वहीतसुद्धा लिहायला धजले नव्हते. त्या दिवशी जेनेटच्या उशाशी भाकरीचा तुकडा मीही खाल्ला होता. कावींपुढे तोंड उघडलं असतं तर दोघंही बाहेर असतो — आणि एका टेबलावर जेवलो असतो.