दोन लॅपटॉप, एक रेघ

केज, पोळ्याचा दुसरा दिवस, १९९८

माझ्या दुकानात दुरुस्तीला दोन लॅपटॉप आले, एक डॉक्टरांचा, एक ठेकेदाराचा. कंपन्यांची नावं वेगळी. दोघंही म्हणतात, माझीच कंपनी भारी. उलटे ठेवले तर दोन्हीच्या तळाला तीच केसाएवढी रेघ! ओरखडा न्हाई, साच्यातूनच उमटलेली. एकाची बॅटरी दुसऱ्याला लावली. खट्‌कन बसली, मशीन चालू!

हिला दाखवलं. म्हणाली, "अहो, हे तर सख्खे भाऊ हायत की!"

मग बाप कोण? आतून-बाहेरून धुंडाळलं, वर विकणाऱ्या कंपन्यांची नावं, पण खऱ्या बनवणाऱ्याचं नाव कुठंच न्हाई. कुठल्या मुलुखात, साचा कोरताना कुणाचा हात घसरला असंल? लई वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत बसलो. त्याचं नाव राहिलं न्हाई. घसरलेला हात तेवढा राहिला, अन् तो पार केजपर्यंत आला.