कुलूप बसलं, पण दिसंना

चाकण, मंगळवार

वाकडच्या अकराव्या मजल्यावरच्या सलिलदादाला, पत्र्याच्या शेडमधून मामेभाऊ स्वराजचा वाकून नमस्कार. आत्याचा गुडघा कसा आहे? वहिनी बऱ्या? हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून तू रोज घरी पोचतोस, का कॅबमध्येच राहतोस? माझं विचारू नकोस. नाही विचारलंस तरी सांगतो.

आमच्या मालकांनी, रंगरावशेठनी, शेडच्या वेबसाइटचं काम माझ्या गळ्यात घातलं (बारावीला दोनदा बसलो, म्हणून शेडमध्ये सगळ्यात शिकलेला मीच). ज्या कंपनीला आम्ही ब्रॅकेट देतो तिचं फर्मान होतं, ड्रॉइंग ज्या सर्व्हरवरून येतात-जातात त्याला नव्या जातीचं कुलूप लावा. उद्या क्वांटम कॉम्प्युटर आले की आजची कुलपं फुटणार, आणि चोर फायलींच्या बंद पेट्या तेव्हा उघडायला आत्ताच उचलून ठेवतायत म्हणे. कंपनीनं पास केलं तर मी कायम, नाहीतर परत कानस घेऊन ब्रॅकेट घासायला. आणि 'कायम' ऐकल्याशिवाय तेजलचे वडील सुपारी फोडणार नाहीत.

तू फोनवर म्हणालास, सर्व्हर बदलायचा नाही, ट्रॅक्टर तोच ठेवून मागं रोटर जोडतात तसं नुसतं मोड्यूल जोडायचं, जुन्या कुलपासोबत नवंही लागतं. तू बोलत गेलास, मी टाइप करत गेलो. ब्राउझरही नवा टाकला. दादा, पहिल्या झटक्यात चाललं, आणि तिथंच घात झाला. स्क्रीनवर काहीच बदललं नाही. शेठनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, मग म्हणाले, "एसीत बसून काय दिवे लावलेस रं?" आतून बदललंय म्हटलं, तर म्हणे, आतून मीबी लय बदललोय, बायकोला दिसतंय का?

मग माझ्यातला नेहमीचा किडा वळवळला. साइट उघडली की पानभर सोनेरी कुलूप गरागरा फिरणार, खाली 'क्वांटम संरक्षण चालू', आणि वर ट्रकचा म्युझिकल हॉर्न. शेठ एवढे खूश की शेजारच्या शेडवाल्यांना बोलावून हॉर्न ऐकवला (चहासकट).

काल कंपनीच्या सुमेधा मॅडम तपासायला आल्या. साइट उघडली, हॉर्न वाजला, मॅडमनी लॅपटॉप मिटून केबलच उपसली. साइट हॅक झाली समजून कंपनीनं ड्रॉइंग पाठवणं बंद केलं, आमचं प्रेस मशीन दिवसभर गप्प. हॅक नाही, नुसता हॉर्न आहे, हे मी समजावलं, पण बाई हसल्या नाहीत. "शुक्रवारी परत येते. मला देखावा नको, कुलूप दाखवा."

त्या गेल्यावर शेठ भडकले, नवीन जे जोडलंस ते सगळं काढ. काढलं. आता कशात राम नाही. हे पत्र दत्तोबाच्या टेम्पोतून पाठवतोय, फोन केला असता तर तू मधेच ठेवून दिला असतास.

तुझा,
स्वराज (अजून हंगामी)

ता. क. काढलं म्हणजे मोड्यूल काढलं. कुलपाचं चित्र आणि हॉर्न शेठनी ठेवायला लावलाय, गिऱ्हाइकांना आवडतो म्हणे. साइट पहिल्यासारखीच चालते, फरक फक्त मला कळतो.

ता. क. २ काय काय टाइप केलं होतं ते आता आठवत नाही. शुक्रवारी सकाळीच ये.

ता. क. ३ इस्त्रीचा शर्ट घालून ये. हॉर्न कुणी बसवला असं मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुझं नाव गेलं.