छंदाच्या रकान्यात 'वाचन'

तीर्थरूप कडुबामामांस,

भाचा सत्यमचा बजाजनगरहून साष्टांग नमस्कार. (खरंच घातला. खोली एवढीशी, त्यामुळं पाय दाराबाहेर गेले आणि शेजारीण ते ओलांडून पाण्याला गेली.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी बांधलेल्या एरंडाच्या पाल्याचा काही गुण आला का? पाचोडात सगळे खुशाल असतीलच. इथं मी खुशाल नाय, आणि त्याला कारण तुम्ही आहात. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच पाऊसपाणी विचारता आणि मी तिकडंच वाहत जातो.

माझा बायोडाटा कुणी लिहिला? तुम्ही. छंदाच्या रकान्यात 'फिरणं' लिहा, असं मी म्हणालो होतो. अडीच वर्षांत चार कंपन्या, एक रसवंती आणि एक मंडपवाला करून झालेल्या माणसाला दुसरं काय शोभतं? तुम्ही म्हणालात, फिरणाऱ्याला पोरगी कोण देतं, आणि 'वाचन' लिहून मोकळे झालात. आता मामा, लग्नाच्या बाजारात सगळेच वाचन लिहितात; आजवर कुणी कुणाला त्यावर एक सवाल केला नाय. पण गंगापूरच्या आप्पासाहेबांनी, म्हणजे अपेक्षाच्या वडलांनी, नेमका तोच रकाना वाचला. साखर कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, त्याच्याजवळ वेळच वेळ. चार स्थळांनी नकार दिला तेव्हा मला काय वाटलं नव्हतं. या पाचव्या ठिकाणी पोह्यांची बशी देताना अपेक्षा हळूच म्हणाली, "मिरची बाजूला काढा, लई तिखट आहे." माझा तिथंच निकाल लागला. निघताना तिनंच कापडी पिशवी हातात दिली. आत तीन पुस्तकं. वाचून पुढच्या रविवारी परत आणायची.

पहिली लाल कादंबरी. तिच्यात एक रिटायर मास्तर खिडकीत बसून मुलाच्या पत्राची वाट बघतो. साठ पानं बसूनच आहे. मला वाटलं, याला उठवून निदान टपरीवर तरी न्यावं. गाडीचा क्लच गेल्यामुळं मी ती कामावरून येताना जीपमधे वाचत होतो, बारा माणसांत तेरावा. मास्तर एकदाचा उठला आणि दाराशी कुणी आहे का बघायला गेला, तेव्हा मी मान वर केली तर बजाजनगर कधीच मागं पडलेलं, मी गंगापूरच्या स्टँडवर. (तोंडाला रुमाल बांधून परत आलो. तिथल्या भज्यांबद्दल नंतर कधीतरी.) दाराशी कुणी नव्हतं, मामा. मला ते बरं वाटलं नाय.

दुसरी हिरवी. चार पिढ्या, आणि आजोबाचं नाव नातवाला. साठव्या पानावर मेलेले आजोबा दोनशे दहाव्या पानावर जेवायला बसले, तेव्हा मी घाबरून पुस्तक मिटलं. वंशावळ गेटपासच्या पाठीमागं काढून ठेवली होती, तर वॉचमननं गेटपास जमा करून घेतला. तिथून पुढं मी अंदाजानंच दुःख केलं.

तिसरं चिंतनाचं. मौन कसं पाळावं, यावर दोनशे ऐंशी पानं. माणसानं गप्प बसावं हे सांगायला एवढं बोलतं का कुणी? पण त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. बारीक, वळणदार अक्षर. समासात एके ठिकाणी 'बोलायला माणूस नाही'. पुढं 'कधी कधी सगळं सोडून जावंसं वाटतं'. पुस्तकं अपेक्षानं दिलेली, तेव्हा अक्षर कुणाचं हे विचारायची अक्कल मला का सुचावी? मी पुस्तक सोडलं आणि समास वाचायला लागलो. मग बॉलपेन काढलं. पहिल्या ओळीखाली लिहिलं, 'आता आहे. रोज जेवण झाल्यावर बोलत जाऊ.' दुसरीखाली, 'माझ्या गाडीवर मागं बसा, पैठणला जाऊ. घट्ट धरा, रस्ता खराब आहे.' अशी सतरा उत्तरं आहेत. सगळी इथं लिहीत नाय, तुम्ही वडीलधारे.

काल रविवारी पुस्तकं परत केली. आप्पासाहेब खुर्चीत बसून ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत होते. मला म्हणाले, "माझ्या खुणांची अडचण नाय ना झाली?"

मी नाय म्हणालो. त्यांनी पुस्तकं कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी बनियनच्या खिशात टाकली. चहा घेऊन आलेली अपेक्षा माझा उतरलेला चेहरा बघतच राहिली.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
सत्यम

ता. क. : खरं काम हे. तुम्ही उद्याच गंगापूरला जा आणि मौनाचं पुस्तक वाचायला मागून आणा. कसंही करून आणा. मिरचीची काळजी करणारी पोरगी परत भेटायची नाय.

ता. क. दुसरा : जाऊ नका. पाकीट आणायला गेलो तर वाटेत चौघं मित्र भेटले, पत्र चार दिवस खिशातच राहिलं. आज आप्पासाहेबांचा फोन आला. बराच वेळ कुणीच बोललं नाय. मला वाटलं मौन चालू आहे. मग म्हणाले, "पैठणला कधी निघायचं? माझा पाय टेकायला मागं जागा आहे का?" त्यांनीच पुस्तक अपेक्षाला दाखवलं. तिनं तीनही पुस्तकं कधी उघडली नव्हती (तिच्या बायोडाट्यातपण वाचनच आहे, तिच्या काकांनी लिहिलेलं). पण बॉलपेनाचं सगळं वाचलं, दोनदा. तिकडून होकार आहे.

ता. क. तिसरा : फोनवर त्यांनी विचारलं, वाचनाचं वेड घरात कुणी लावलं. मी गडबडीत तुमचं नाव सांगितलं. लग्नाची तारीख आता ते तुमच्याशी बसून, पुस्तकांवर बोलून ठरवणार आहेत. तुमच्यासाठी पाच पुस्तकं त्यांनी संध्याकाळच्या जीपवाल्याजवळ माझ्याकडं धाडलीत. या पत्रासोबत पाचोडच्या बाजाराला येणाऱ्या कृष्णाजवळ पाठवतोय. रविवारपर्यंत वाचा. पिशवीत पेन्सिल आहे, तीच वापरा. आणि समासात काहीही दिसलं तरी उत्तर देऊ नका. पैठणला गाडीवर तिसरा बसत नाय.